शिळ्या पाण्याचे तीन गुरुवार

मनकर्णाबाईंच्या कमरेला तीन किल्ल्या असायच्या. एक शाळेच्या फाटकाची, एक खिचडीच्या कोठीची. तिसरी पितळेची, जड, मुलींच्या संडासाची. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती एकदाही वापरली गेली नव्हती आणि आता फेब्रुवारी अर्धा सरला होता.

चुनाभट्टीच्या गल्लीच्या उताराला, अगदी शेवटी ही शाळा. पाचवी ते दहावी, पोरंपोरी मिळून साडेतीनशे. मनकर्णाबाई तिथं बावीस वर्षं सेविका. घंटा त्यांनीच द्यायची, झाडू त्यांनीच मारायचा, गुडघा फुटलेल्या पोराला हळदही त्यांनीच लावायची. नवरा वाळूजला कंपनीत होता, तो गेला तेव्हा त्या तात्पुरत्या म्हणून लागल्या. त्या शाळेत तात्पुरत्या गोष्टींचं आयुष्य मोठं असतं. संडासाचं कुलूपही तात्पुरतंच होतं.

झालं होतं असं, की आठवड्यातून एकदा गुरुवारी सकाळी गल्लीला पाणी यायचं. उताराच्या टोकापर्यंत पोचेस्तोवर त्याचा जोर संपायचा. शाळेची टाकी तिसऱ्या हिश्शाच्या वर भरत नसे. तेवढं पाणी पिण्याला आणि खिचडीला पुरवायचं म्हणजे कसरत. संडासाला उरायचं नाही. मग वास सुटला, पालक भांडायला आले, आणि मुख्याध्यापक अप्पाराव काळवणे सरांनी मनकर्णाबाईंना बोलावून सांगितलं, मावशी, सध्या कुलूप लावून टाका. त्यांनी लावलं. सरांच्या हातात नवीन काहीच नव्हतं. पत्रं पाठवून झाली होती. टँकर एकदा आला आणि गल्लीच्या तोंडाशी वळेना म्हणून तसाच भरलेला परत गेला.

कुलूप लागल्यावर वास गेला आणि तक्रारीही गेल्या. पोरं मागच्या मोकळ्या प्लॉटवर पळायची. पोरींनी काय केलं हे कुणी विचारलं नाही. शाळा शांत होती, हजेरीपट भरलेला होता, आणि सगळं ठीक चाललंय असं समजायला माणसाला एवढं पुरतं.

मनकर्णाबाईंना पहिल्यांदा संशय आला तो कडुनिंबामुळं.

फाटकाजवळचं ते झाड. आजूबाजूची सगळी झाडं त्या दिवसांत पानगळीनं भकास झालेली, हे एकटंच अंगावर कोवळी लाल पालवी घेऊन उभं. एका सकाळी झाडताना झाडूला चिखल लागला. नळ तिकडं नव्हता. फेब्रुवारीत बुंध्याशी ओल कुठून आली? त्या संध्याकाळी शाळा सुटताना झाडू हातात घेऊन त्या फाटकाच्या आडोशाला थांबल्या. मुली येत होत्या. झाडाजवळ आलं की पाण्याची बाटली काढायची, झाकण फिरवायचं, बुंध्याशी उपडी करायची आणि चालू लागायचं. एकीमागून एक. कुणी कुणाकडं बघत नव्हतं, हसत नव्हतं. सकाळी आईनं भरून दिलेलं पाणी जसंच्या तसं मातीत जात होतं.

आठवीतली युसरा शेवटी आली. ती त्यांच्या समोरच्या घरातली, मेहरुन्निसा आपांची नात. मनकर्णाबाईंनी तिला हटकलं.

"पाणी का ओतलंस गं?"

"भरलेली बाटली घरी नेली तर दादी रागवते."

"मग प्यायचं ना दिवसभर."

युसरानं एकदा मनकर्णाबाईंच्या कमरेकडं बघितलं, त्या पितळी किल्लीकडं, आणि मान खाली घालून निघून गेली.

मनकर्णाबाई तिथंच उभ्या राहिल्या. बावीस वर्षांत पोरांनी त्यांच्याकडं कितीतरी तऱ्हांनी बघितलं होतं. घंटा लवकर द्यावी म्हणून, खिचडी जास्त वाढावी म्हणून. असं कधी नाही.

चारच दिवसांनी, मंगळवारी, युसरा प्रार्थनेच्या रांगेत कोसळली. अंगात ताप होता, ओटीपोटात कळा होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, लघवीला जंतुसंसर्ग झालाय, पोरगी पाणी पीत नाही आणि दिवसभर धरून बसते. संध्याकाळी मनकर्णाबाई समोरच्या घरी गेल्या तेव्हा युसरा झोपली होती, तिची आई कपाळावर हात ठेवून बसलेली, आणि मेहरुन्निसा आपा दारातल्या लाकडी स्टुलावर. आपांचं वय सत्तरीच्या पुढं, पण गल्लीत कुणाचं लग्न ठरायचं असो की भांडण मिटायचं असो, माणसं त्या स्टुलापाशीच येत. दाराशेजारी त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पाण्याचा माठ ठेवलेला असे. बाराही महिने, आणि त्यावर रोज धुतलेलं पांढरं फडकं.

आपांनी आवाज चढवला नाही. पोरीचं नाव काढून घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. शिकायचं तेवढं शिकली, आता घरी शिवणकाम शिकेल, असं त्या म्हणाल्या. मनकर्णाबाईंनी समजवायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"नक्को मनकर्णा. कुलूप तूच लावलंस ना? मग दाखला पण तूच आणून दे."

हे शब्द घेऊन मनकर्णाबाई घरी आल्या. चूल पेटवली, भाकरी थापली आणि खाल्ली नाही.

त्या मूळच्या बिडकीनकडच्या. त्यांच्या गावच्या शाळेला संडास नव्हताच, पण शाळेच्या मागं कुणाचं तरी ज्वारीचं रान होतं. ज्वारी पुरुषभर उंच असायची तोवर मुलींची अडचण नसे. माघ-फाल्गुनात सोंगणी झाली, की शाळेच्या मागं एकदम सपाट उजेड. एका दिवसात आडोसा जायचा. त्या सोमवारपासून मोठ्या मुली येणं बंद होत. गुरुजी वहीत लिहीत, सुगीमुळं गैरहजर. मनकर्णा सातवीत असताना अशीच सोंगणी झाली आणि ती पुन्हा शाळेत गेली नाही. कुणी तिला नको म्हटलं नव्हतं. फक्त ज्वारी कापली होती. पुढं आयुष्यभर लोकांना त्या सांगत आल्या, की घरच्या कामामुळं राहिलं. आज पहिल्यांदा त्यांना वाटलं, त्या कापलेल्या रानाच्या जागी आता आपल्या कमरेची किल्ली आहे.

सकाळी उठून त्या पुन्हा आपांच्या दारात उभ्या राहिल्या.

"आपा, तीन गुरुवार द्या मला. तिसऱ्या गुरुवारनंतर दार उघडं दिसलं नाय, तर मी स्वतः दाखला आणून तुमच्या हातावर ठेवते."

"काय करशील तीन गुरुवारात?"

"ते अजून मला बी माहीत नाय," मनकर्णाबाई म्हणाल्या. पण हे त्यांनी अशा काही सुरात सांगितलं, की आपांनी मान डोलावली.

पहिला गुरुवार दुसऱ्याच दिवशी होता.

गुरुवारी सकाळी त्या गल्लीत काय होतं हे बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. ज्या गल्लीत आठवडाभर घोटाघोटाला जपतात, धुण्याच्या पाण्यानं लादी पुसतात आणि ते पाणी पुन्हा झाडांना घालतात, तिथं गुरुवारी साडेसहाला नळात हवेचा फुसकारा ऐकू आला, की दारोदारचे ड्रम आडवे होतात. काल संध्याकाळपर्यंत जिवापाड राखलेलं पाणी रस्त्यावर. का, तर ते शिळं झालं. ताजं आलंय, मग शिळं कशाला ठेवायचं? अर्धा ड्रम, पाऊण ड्रम, कुणाचे दोन हंडे, कुणाची टाकीच्या तळाची दहा बादल्या. आठवडा पुरणार की नाही या धाकानं सगळेच राखून वापरतात, म्हणून सगळ्यांकडंच उरतं.

मनकर्णाबाईंनीही त्या सकाळी आपला निळा ड्रम आडवा केला. बावीस वर्षं करत आल्या तसाच. पाणी त्यांच्या चपलेवरून गेलं, समोरून आलेल्या आपांच्या पाण्याला मिळालं, खाली सोमनाथ प्लंबरच्या दारातलं पाणी त्यात आलं, आणि तो सगळा लोंढा उतारानं निघाला. मनकर्णाबाई नळ तसाच चालू ठेवून त्याच्यामागं चालत गेल्या. एखादी म्हैस दावं तोडून निघावी आणि धनिणीनं मागं जावं, तशा. लोंढा गल्लीच्या टोकाला गेला, शाळेच्या मागच्या भिंतीला धडकला, तिथं डबकं करून थांबला. त्या डबक्यातले डास त्यांना चांगले माहीत होते. पावसाळ्यात अर्ध्या वर्गाला डेंग्यूचा ताप यायचा. त्यांनी भिंतीकडं बघितलं. भिंतीच्या पलीकडं, हातभर अंतरावर, मुलींचा संडास होता.

त्यांना हसू आलं. ते सुखाचं हसू नव्हतं.

गल्लीत अडतीस घरं. त्यांनी उभ्या उभ्या अंदाज बांधला. घरटी चार बादल्या धरल्या तरी दीडशे बादल्या होतात. शाळेत मुली एकशे साठ, रोज चौघींमागं एक बादली धरायची. आठवडा निघत नाही, पण चार दिवस निघतात, आणि घरटी सहा मिळाल्या तर शनिवारची अर्धी शाळा धरूनही पुरतं.

काळवणे सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. बाहेरचं पाणी शाळेत घ्यायचं म्हणजे उद्या कुणी काही मिसळलं, एखाद्या पोरानं ते प्यायलं, तर जबाबदार कोण? प्रश्न खरा होता. मनकर्णाबाईंनी त्याला उत्तर आणलं होतं. संडासाला लागूनच सिमेंटचा जुना हौद आहे, त्यात मोडके बाक पडलेत. तो रिकामा करायचा. भिंतीला भोक पाडून एक रुंद पाइप घालायचा, बाहेरच्या तोंडाला जाळी आणि झाकण. हौदाचा नळ फक्त संडासात निघेल, मैदानात नाही. त्यावर लाल अक्षरात लिहायचं, हे पिण्याचं पाणी नाही. आणि हौदाच्या झाकणाला कुलूप.

"किल्ली?" सरांनी विचारलं.

"माझ्याकडं. कुलपाची हौस आपल्या शाळेला हायच, फक्त जागा बदलायची."

सर हसले. मुख्याध्यापक झाल्यापासून कार्यालयात ते पहिल्यांदाच हसले असतील. म्हणाले, करा.

शनिवारी आठवी-नववीच्या पोरांपोरींनी हौदातले बाक काढले, हौद घासला. रविवारी सोमनाथनं भोक पाडलं. तो याच शाळेत शिकला होता आणि पाचवीत असताना याच भिंतीवरून पडून त्याचा दात गेला होता. भिंतीवर सूड उगवतो म्हणून त्यानं आनंदानं छिन्नी चालवली. सोमवार ते बुधवार मनकर्णाबाई रोज संध्याकाळी घरोघर गेल्या. शाळेच्या पोरींसाठी पाणी पाहिजे, गुरुवारी भिंतीजवळ आणून ओता, असं सांगितलं. एकही घर नाही म्हणालं नाही. गल्लीत पाण्याला नाही म्हणण्याची रीतच नव्हती.

दुसऱ्या गुरुवारी त्या पहाटेच भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. साडेसहाला नळांनी फुसकारा टाकला. वरच्या दारांतले ड्रम नेहमीसारखे आडवे झाले आणि लोंढा उतारानं खाली आला, त्यांच्या पायांवरून डबक्यात गेला. त्यांना काही कळेना. अर्ध्या तासानं बायका येऊ लागल्या. प्रत्येकीच्या कडेवर घासून लखलखीत केलेला एक हंडा, त्यावर झाकण, आणि हंड्यात आत्ता नळाला आलेलं कोरं, ताजं पाणी. कौतुकानं, हळू हळू, एक थेंब न सांडता त्या ते जाळीतून ओतत होत्या. एकीनं तर हंड्याला हळदीकुंकू लावलं होतं.

मनकर्णाबाईंनी विचारलं, आधीचं कुठं गेलं? ते टाकलं की, ती बाई म्हणाली. लेकरांना काय शिळं पाणी द्यायचं असतं का?

अडतीस हंडे. हौदाच्या तळाला घोट्याएवढं पाणी झालं. त्याच्या कितीतरी पट पाणी त्या बायकांनी आधी रस्त्यावर ओतून दिलं होतं, मान राखायचा म्हणून. कुणावर रागवायची सोय नव्हती. त्यांनी त्याच दिवशी संडास उघडला, मुली गेल्या, शुक्रवारी दुपारी हौद कोरडा पडला आणि शनिवारी सकाळी पितळी कुलूप पुन्हा कोयंड्यात अडकलं.

संध्याकाळी आपा स्टुलावर होत्या. युसरा बरी झाली होती, आत शिवणयंत्रापाशी बसली होती, पण यंत्र चालत नव्हतं. आपा म्हणाल्या, बघितलं ना. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

पुढचे चार दिवस मनकर्णाबाईंनी पुन्हा घरं घेतली. शिळंच द्या, असं त्या सांगत होत्या आणि बायका माना डोलवत होत्या, पण त्या माना कशा डोलतात हे त्यांना कळत होतं. संडासाला का होईना, पण देणं ते देणं. देताना टाकाऊ द्यायचं, तेही चारचौघींसमोर, हे कुणाला रुचत नव्हतं. कुणीतरी आधी दिल्याशिवाय कुणी देणार नव्हतं. आणि ते कुणीतरी म्हणजे मनकर्णाबाई असून उपयोग नव्हता. त्या शाळेच्याच, त्यांचं धरलं जात नाही.

बुधवारी सूर्य कलला तसा त्या आपांकडं गेल्या. आपा अंगणात ड्रममधून तांब्या बुडवून नमाजाआधीचं वुजू करत होत्या. तळवे, तोंड, कोपरापर्यंत हात. मनकर्णाबाई त्यांचं होईपर्यंत कडेला थांबल्या. बावीस वर्षं शेजारी असताना हे दृश्य त्यांनी हजारदा बघितलं होतं. आज बघितलं तेव्हा त्यांच्या डोक्यात काहीतरी जागच्या जागी बसलं.

आपांची नमाज झाली, त्या स्टुलावर आल्या, तेव्हा मनकर्णाबाईंनी विचारलं,

"आपा, आत्ता वुजू केलं ते पाणी कधीचं?"

"मागच्या गुरुवारचं. अजून कुठलं असणार?"

"ते पाक हाय ना?"

"हौ. पाक नसल्यावर वुजू कसं होईल?"

"मग उद्या सकाळी साडेसहाला त्याला काय होतं?"

आपांनी मान वळवून अंगणातल्या ड्रमाकडं बघितलं.

"माझ्या देवाला बी असंच ड्रमातलं पाणी लागतं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आज सांजच्याला मी त्यानंच देव धुणार. देवाला चालतं, तुमच्या नमाजला चालतं, आणि पोरींच्या संडासाला चालत नाय? पाणी शिळं होत नाय आपा. आपल्याला नवं दिसलं की जुनं नकोसं होतं, एवढंच."

आपांनी पदर सारखा केला. माठावरचं फडकं उचलून पुन्हा ठेवलं. मग त्या एवढंच म्हणाल्या, की मला तिथं फार वेळ उभं राहवत नाही, तेव्हा उद्या स्टूल तू उचल.

तिसऱ्या गुरुवारी गल्लीनं जे बघितलं ते तिला पुढं बरेच दिवस पुरलं. सहालाच, नळ यायच्याही आधी, मेहरुन्निसा आपा उतारानं खाली निघाल्या होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बादली, अर्धी भरलेली. पुढं मनकर्णाबाई डोक्यावर स्टूल घेऊन. मागं युसरा आणि तिची आई, दोघींच्या दोन्ही हातांत बादल्या. दारादारात बायका येऊन उभ्या राहिल्या. ताजं पाणी अजून आलेलंच नव्हतं, म्हणजे बादल्यांत काय आहे हे उघड होतं. भिंतीपाशी स्टूल टाकून आपा बसल्या, आणि आपल्या हातानं त्यांनी पहिली बादली जाळीत रिकामी केली. हौदात पाणी पडल्याचा घुमल्यासारखा आवाज आला.

"कालच्या नमाजचं पाणी हाय," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "ज्याला हे शिळं वाटतं त्यानं माझ्या माठाचं बी पिऊ नये."

त्या माठाचं पाणी न प्यायलेलं गल्लीत कुणी नव्हतं.

आधी सोमनाथची आई आली. मग तिच्या शेजारची. मग गर्दी झाली, रांग लावावी लागली, दोन बायकांत पुढं कोण यावरून जुंपली आणि आपांनी काठी आपटून ती मिटवली. हळदीकुंकवाचा हंडा आणणारी बाई यावेळी प्लास्टिकचं टिपाड ढकलत आली, पण त्यालाही तिनं कुंकू लावलं होतं. साडेसहाला नळ आले तेव्हा ड्रम रिकामे होते आणि रस्ता कोरडा होता. हौद गळ्यापर्यंत भरला होता.

मनकर्णाबाईंनी पितळी कुलूप काढलं आणि नेऊन हौदाच्या झाकणाला लावलं. मग आठवीच्या मुलींना बोलावून संडासाच्या दारात उभं केलं आणि एकच नियम सांगितला. आपल्यासाठी पाणी घ्यायचं नाही, पुढच्या मुलीसाठी घ्यायचं. आत जाताना बादली भरलेली मिळेल, बाहेर येताना ती भरून ठेवायची. रिकामी बादली दिसली तर आधी कोण गेलं होतं हे सगळ्यांना कळणारच. त्यानंतर बादली कधी रिकामी दिसली नाही, एकदा सोडून, आणि त्या एकदाची कथा मुली अजून त्या पाचवीतल्या मुलीला ऐकवतात.

युसरा सोमवारपासून शाळेत आली. तिला कुणी ये म्हटलं नाही. सकाळी आपांनी तिचं दप्तर स्टुलावर आणून ठेवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. भिंतीजवळचं डबकं आठवडाभरात सुकलं. वार्षिक परीक्षा झाली, निकाल लागला, जूनमध्ये शाळा भरली. काळवणे सरांनी वरच्या गल्लीतल्या दुसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकांना बोलावून ते भोक दाखवलं. पाणी आठवड्यातून एकदाच येतं, अजूनही. टाकी तिसऱ्या हिश्शाच्या वर भरत नाही. सरांची पत्रंही चालूच आहेत, आणि आता त्यांवर गल्लीतल्या अडतीस घरांच्या सह्या असतात. पण मनकर्णाबाईंना कुणी विचारलं, की पाण्याचं काही झालं का, तर त्या सांगतात, पाणी होतंच.

मार्चमधल्या एका संध्याकाळचं तेवढं सांगायचं राहिलं. शाळा सुटली, मुली फाटकातून निघाल्या. मनकर्णाबाई आडोशाला न जाता सरळ झाडाखाली उभ्या होत्या. मुली येत होत्या, बडबडत, एकमेकींच्या वेण्या ओढत, आणि कुणीही झाडापाशी थांबत नव्हतं. बाटल्या दप्तरांच्या बाजूला लोंबत होत्या, हलक्या, चालताना एकमेकींवर आपटून पोकळ वाजत होत्या. सगळ्या गेल्यावर मनकर्णाबाईंनी खाली वाकून बुंध्याची माती चिमटीत धरून पाहिली. कोरडी होती. उन्हाळा तोंडावर आला होता.

त्या संडासात गेल्या, दाराशी भरून ठेवलेली बादली उचलली, अर्धी झाडाला घातली आणि हौदाच्या नळाखाली धरून ती पुन्हा भरून ठेवली. नियम त्यांनाही होता.